पैलवान मोटारीला कोणते जोडे?

मुलांनो, तुमच्या चपलेचा नंबर किती? पटकन सांगाल, तीन, चार, पाच. आता दुसरा प्रश्न. तुमच्या घरासमोरून जाणाऱ्या जीपच्या टायरचा नंबर किती? आणि त्या नंबराचा अर्थ काय? इथे मात्र बरेच जण डोके खाजवतील. आई-बाबांनाही विचारून बघा. रोज गाडी चालवणारी कितीतरी मोठी माणसेसुद्धा टायरवरची अक्षरे कधी वाचत नाहीत, बरं का!

हा विषय निघाला आमच्या चौथीच्या वर्गात. एका मुलाने वर्तमानपत्राच्या पुरवणीतले चित्र कापून आणले होते. लांबलचक लाल अमेरिकन मोटार, जुन्या काळातली, आणि मागे ही एवढाली जाड चाके. चित्र नाचवत त्याने विचारले, “बाई, माह्या मामाच्या जीपले असे टायर लावले त ते बी अशीच पयीन का?”

वर्ग हसला, पण प्रश्न काही हसण्यासारखा नव्हता. मोठमोठे हौशी लोक याच प्रश्नावर तासन् तास डोके खपवतात.

चित्रातल्या त्या गाड्यांना अमेरिकेत ‘मसल कार’ म्हणतात. मसल म्हणजे स्नायू. आपण तिला पैलवान मोटार म्हणूया. मध्यम आकाराच्या गाडीत भलेमोठे इंजिन बसवायचे, ही तिची कल्पना. १९६४ साली आलेली पॉन्टिॲक कंपनीची ‘जीटीओ’ ही या घराण्यातली थोरली समजली जाते. तिचे इंजिन होते ६.४ लिटरचे, ताकद ३२५ अश्वशक्ती. त्याच काळात मुंबईला कुर्ल्याच्या कारखान्यात प्रीमियर कंपनी जी फियाट बनवत होती, जिला पुढे १९७४ पासून ‘पद्मिनी’ हे नाव मिळाले, तिचे इंजिन होते १०८९ सीसीचे, आणि ताकद सुमारे ४० अश्वशक्ती! म्हणजे एका जीटीओत आठ फियाटींचा जोर.

आता गंमत ऐका. एवढ्या पैलवानाच्या पायात जोडे कोणते होते? चौदा इंची रिमवरचे, आजच्या मानाने अगदी अरुंद टायर. त्यावर शोभेची लाल रेघ. आजच्या साध्या घरगुती गाडीचे टायरही त्याहून चांगली पकड देतात. बरे, ब्रेकही चारही चाकांना जुन्या पद्धतीचे, ड्रमचे. गाडी सुसाट सुटायची, पण थांबवताना चालकाला देव आठवत असणार! म्हणून आज ज्यांच्याकडे अशा गाड्या आहेत आणि ज्यांना त्या नुसत्या झाकून न ठेवता रस्त्यावर चालवायच्या आहेत, त्यांच्यापुढे पहिला प्रश्न चाकांचाच येतो. जुने रूप राखायचे, की नवी पकड घ्यायची?

आपल्याकडे अशी गाडी कुठे, असे म्हणाल. हिंदुस्थान मोटर्सची ‘कॉन्टेसा’ तुमच्या आई-बाबांना आठवत असेल. १९८४ पासून २००२ पर्यंत ती बनत होती. हौशी लोक तिलाच आपली मसल कार म्हणतात. शिवाय अँबेसडर आहे, पद्मिनी आहे, आणि आपल्या बुलडाणा जिल्ह्यात तर अजून खेडोपाडी दिसणारी महिंद्राची जुनी जीप आहे. ताकद कमी असेल, पण टायर निवडायचे कोडे तेच.

कोड्याआधी थोडे मागे जाऊ. आजोबांना विचारा, लाकडी बैलगाडीच्या चाकावर काय असायचे? ते सांगतील, ‘धाव’. लोहार लोखंडी पट्टीचे कडे भट्टीत लाल करायचा. तापल्यावर ते पसरायचे. मग चौघांनी सांडशीने धरून ते लाकडी चाकावर चढवायचे आणि वरून पाणी ओतायचे. चर्रर्र! गार होताना कडे आकसायचे आणि चाकाला असे आवळून बसायचे की आरे हलायची बिशाद नाही. इंग्रजीतही आधी ‘टायर’ म्हणजे लाकडी चाकावरची ही लोखंडी पट्टीच. म्हणजे टायरला आपल्याकडे अस्सल मराठी शब्द होता. तो शब्द गाडीबरोबरच मागे राहिला, याची मला नेहमी हळहळ वाटते.

हवेचा टायर आला तो १८८८ साली. आयर्लंडमधल्या बेलफास्ट शहरात जॉन डनलॉप नावाचे जनावरांचे डॉक्टर राहत. मुलाच्या तीनचाकी सायकलला दगडी रस्त्यावर फार हादरे बसत, म्हणून त्यांनी चाकांना रबरी नळी बसवून तिच्यात हवा भरली. त्यांच्याही आधी, १८४५ साली, रॉबर्ट थॉमसन यांनी अशीच युक्ती नोंदवली होती, पण ती तेव्हा चालली नाही. आपल्याकडे तर रबरी टायरच्या बैलगाडीचे नावच ‘डनलॉप गाडी’ पडले! आणि सचिन तेंडुलकरच्या बॅटवर ज्या एमआरएफचे नाव तुम्ही पाहिले, ती कंपनी १९४६ मध्ये सुरू झाली तेव्हा काय बनवत होती, ठाऊक आहे? जत्रेतले फुगे!

असो. आता टायर वाचायला शिकू. पाटी-पेन्सिल घ्या.

जुन्या जीपच्या टायरवर लिहिलेले असते ६.००-१६. पहिला आकडा टायरची रुंदी, सहा इंच. दुसरा आकडा रिमचा व्यास, सोळा इंच. उंची दिलेलीच नाही. कारण जुन्या टायरची उंची जवळपास रुंदीइतकीच असे. म्हणजे खाली सहा, मध्ये सोळा, वर सहा. झाले अठ्ठावीस इंच. अँबेसडरचा नंबर ५.९०-१५ आणि पद्मिनीचा ५.२०-१४. आता तुम्हीच सांगा, यांत सर्वांत अरुंद कोणता?

नव्या टायरवर जास्त मजकूर असतो. समजा लिहिले आहे, १६५/८० आर १४ ८५ टी. (आकडे आणि अक्षरे टायरवर इंग्रजीत असतात.) १६५ म्हणजे रुंदी, पण मिलिमीटरमध्ये. ८० म्हणजे उंची ही रुंदीच्या ८० टक्के. चौथीतल्या मुलांनो, घाबरू नका, मोठ्या भावाला विचारा. १६५ चे ८० टक्के म्हणजे १३२ मिलिमीटर. ‘आर’ म्हणजे रेडियल, त्याकडे येतेच मी. १४ म्हणजे रिम, आणि ती मात्र इंचातच! एकाच ओळीत मिलिमीटर, टक्के आणि इंच. असा हिशेब मुलाने उत्तरपत्रिकेत लिहिला तर मी लाल रेघ मारीन. पण साऱ्या जगाने तो मान्य केला आहे, आपण काय करणार? ८५ हा वजनाचा सांकेतिक आकडा. त्या टायरने ५१५ किलोपर्यंत भार घ्यावा. ‘टी’ हे वेगाचे अक्षर, ताशी १९० किलोमीटरपर्यंत. ‘एस’ असेल तर १८०, ‘एच’ असेल तर २१०.

हे कळले की पैलवानाचे कोडे सुटू लागते. जुन्या अमेरिकन गाडीला आज २१५/७० आर १४ हा टायर लावतात, असे समजू. उंची १५०.५ मिलिमीटर. दोन्ही बाजूंची मिळून ३०१. चौदा इंची रिम म्हणजे ३५५.६. एकूण चाक झाले साधारण ६५७ मिलिमीटर उंच. मालकाला हवी सतरा इंची रिम, कारण मोठ्या रिमच्या आत मोठे डिस्क ब्रेक मावतात आणि गाडी वेळेवर थांबते. मग तो २२५/५० आर १७ निवडतो. करा बेरीज. उंची ११२.५, दोन्ही मिळून २२५, त्यात सतरा इंच म्हणजे ४३१.८. एकूण? पुन्हा ६५७! रिम तीन इंचांनी वाढली, पण रबराची बाजू तेवढीच कमी झाली. चाक बाहेरून तेवढेच राहिले.

आणि चाक तेवढेच राहणे फार महत्त्वाचे आहे. का ते त्या मामांनीच दाखवून दिले.

होय, ते मामा. नांदुऱ्याकडचे, जीपचे भारी शौकीन. भाच्याला शाळेत सोडायला आले तेव्हा स्वतःच हसत हसत सांगितले. त्यांनी हा प्रयोग आधीच करून पाहिला होता. एका दुकानदाराने गळ घातली आणि यांनी जीपला पंधरा इंची रुंद रिमा आणि साडेदहा इंच रुंद, एकतीस इंच उंच टायर चढवले. गावात सगळे वळून बघायचे. पण पहिल्याच आठवड्यात मोताळ्याहून बुलडाण्याला येताना राजूर घाटात वळणावर आवाज सुरू झाला, खर्र खर्र. पुढचा टायर आतून घासत होता. स्टिअरिंग इतके जड झाले की उभ्या गाडीत ते फिरवायला दोन्ही खांदे लागायचे. डिझेल जास्त. आणि काटाही खोटे बोलू लागला. कसा? चाक अठ्ठावीस इंचांचे एकतीस झाले. एका फेरीत गाडी पूर्वीपेक्षा जास्त रस्ता कापणार, पण काट्याला ते कुठे ठाऊक? तो फेऱ्याच मोजतो. काट्यावर साठ दिसायचे तेव्हा खरा वेग असायचा सहासष्ट! शेवटी मामांनी ते टायर मोडीत न घालता एका हौशी माणसाला विकले आणि पुन्हा ६.००-१६ वर आले.

यात रिमचा वाटा मोठा होता. रिम निवडताना नुसता व्यास बघून भागत नाही. नट किती आणि त्यांचे वर्तुळ केवढे, हे जुळायला हवे. जुन्या जीपला पाच नट असतात आणि त्यांचे वर्तुळ साडेपाच इंचांचे. शिवाय रिम जिथे नटांनी बसते ती जागा रिमच्या मध्यापासून आत आहे की बाहेर, हेही पाहावे लागते. पाण्याने भरलेली बादली अंगाजवळ धरा, मग हात लांब करून धरा. बादली तीच, पण खांदा भरून येतो ना? चाक बाहेर सरकले की गाडीच्या बेअरिंगचा खांदा असाच भरून येतो. आणि हो, गाडीत असे मनमानी बदल कायद्यालाही चालत नाहीत. मोटार वाहन कायदा १९८८ चे कलम ५२ त्यासाठीच आहे.

चकचकीत अलॉय की साधी लोखंडी रिम? शहरात अलॉय हलकी आणि छान. पण आपल्याकडच्या खड्ड्यांत लोखंडी रिम वाकते, ती ठोकून सरळ करता येते. अलॉयला तडा जातो. खेड्यातल्या जुन्या गाडीला माझे मत लोखंडी रिमलाच, मग तुम्ही मला जुनाट म्हणा!

पण रुंद टायर म्हणजे जास्त पकड, हे तरी खरे ना? इथे एक हिशेब करू, मला तो फार आवडतो. माणसांसकट बाराशे किलोची पद्मिनी घ्या. एका चाकावर भार तीनशे किलो. टायरमध्ये हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला दोन किलो. मग तीनशे किलो तोलायला जमिनीला किती जागा टेकली पाहिजे? तीनशे भागिले दोन, म्हणजे १५० चौरस सेंटिमीटर. पोस्टकार्ड असते १४ बाय ९ चे, म्हणजे १२६. पोस्टकार्डाहून जराशी मोठी जागा! अशा चार जागांवर अख्खी गाडी, आई-बाबा, ताई आणि तुम्ही. ब्रेक लागतो तो त्या चार जागांवर, वळण घेता तेही त्यांच्यावरच.

आता टायर रुंद केला, भार आणि हवा तीच ठेवली, तर ढोबळमानाने जागाही तेवढीच राहते. फक्त तिचा आकार बदलतो. लांबट होती ती आडवी होते. आडव्या ठशाचा वळणावर फायदा असतो, म्हणून भरपूर ताकदीच्या जीटीओला थोडे रुंद टायर शोभतात. पण चाळीस अश्वशक्तीच्या हलक्या गाडीला ते पावसात उलट तापदायक. साचलेले पाणी रुंद टायरखालून लवकर बाजूला सरत नाही आणि गाडी पाण्यावर तरंगल्यासारखी घसरते.

दुकानात गेलात की दुसरा प्रश्न कानावर येईल, “नायलॉन देऊ की रेडियल?” फरक समजायला घरातली बाज बघा. बाजेच्या सुतळ्या तिरप्या, एकमेकींवरून जातात. जुन्या नायलॉन टायरच्या आत धागे असेच तिरपे, फुलीसारखे असतात. रेडियलमध्ये धागे छत्रीच्या काड्यांसारखे सरळ, एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत जातात आणि वरून नक्षीखाली एक पक्का कमरपट्टा असतो. त्यामुळे बाजू लवचिक राहते, पण जमिनीला टेकणारा भाग सपाट राहतो. टायर कमी तापतो आणि जास्त टिकतो. नायलॉन टायरची आणखी एक खोड. गाडी रात्रभर किंवा आठवडाभर उभी राहिली की खालचा भाग चपटा होतो आणि सकाळी पहिले काही किलोमीटर धडधड, धडधड. गरम झाला की गोल होतो आणि आवाज थांबतो. तुमच्या काकांची जुनी गाडी सकाळी धडधडत असेल तर आता कारण कळले ना?

जुनी गाडी रोज रस्त्यावर न्यायची असेल तर रेडियल बरा, पण चारही चाकांना एकच जात हवी. पुढे रेडियल आणि मागे नायलॉन हे तर कधीच करू नये. पुढची चाके घट्ट धरतात, मागची सुटतात आणि वळणावर गाडी गर्रकन फिरते. आणखी एक सूचना खास आपल्या भागासाठी. ६.००-१६ हाच नंबर ट्रॅक्टरच्या पुढच्या टायरवरही असतो! ट्रॅक्टरचा टायर ताशी तीस-चाळीस किलोमीटरच्या कामाचा, नक्षीही वेगळी. स्वस्तात मिळतो म्हणून तो जीपला लावायचा नाही. नंबर सारखा असला तरी काम वेगळे.

आता उन्हाळा. आपल्या जिल्ह्यात घाटावर जरा बरे, पण घाटाखाली मलकापूर, नांदुरा, शेगावकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या आसपास जातो. एक प्रयोग करा, मोठ्यांना सोबत घेऊन. लोखंडी तार एकाच जागी दहा-पंधरा वेळा इकडेतिकडे वाकवा आणि वाकलेली जागा बोटाने हळूच शिवून बघा. गरम लागते! हवा कमी असलेला टायर दर फेरीला असाच वाकतो आणि सरळ होतो. एका किलोमीटरमध्ये सुमारे पाचशे वेळा. वरून ऊन, खालून तापलेला रस्ता, आत ही वाकावाकी. टायर भाजून निघतो आणि भर वेगात फुटतो. म्हणून हवा थंड टायरमध्ये, सकाळीच मोजावी. नायट्रोजन भरा असा आग्रह कुणी केला तर घरच्यांना सांगा, साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो!

हे आपल्याला लांबचे नाही. मेहकर, सिंदखेडराजावरून जाणारा समृद्धी महामार्ग तुम्ही पाहिलाच असेल. नागपूर ते शिर्डी हा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी सुरू झाला आणि ५ जून २०२५ रोजी मुंबईच्या बाजूपर्यंत सगळा, ७०१ किलोमीटर, खुला झाला. मोटारींना तिथे ताशी १२० पर्यंत मुभा आहे. अपघात वाढले तेव्हा २०२३ मध्ये परिवहन खात्याने वाटेवर टायर तपासायला सुरुवात केली आणि झिजलेल्या टायरच्या गाड्या परत पाठवल्या. मोटारीच्या टायरच्या खाचा किमान १.६ मिलिमीटर खोल असाव्यात असा नियम आहे. पट्टी घेऊन तुम्हीही मोजू शकता, अर्थात गाडी उभी असताना, आणि आधी विचारून. खाचेच्या तळाशी रबराचे छोटे उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली की टायरचे दिवस भरले.

जुन्या गाड्यांचा खरा धोका मात्र झीज हा नाही. या गाड्या लग्नाला, सणाला, रविवारी बाहेर निघतात. पंधरा वर्षांनीही नक्षी कोरी करकरीत. मालक खुश! पण रबर म्हातारे झालेले असते, आतून कडक, बाजूला बारीक भेगा. टायरचे वय कसे ओळखायचे? बाजूवर चार आकड्यांचा एक शिक्का शोधा. २३१९ असेल तर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला टायर. फक्त तीनच आकडे असतील तर तो २००० सालाआधीचा, म्हणजे तुमच्या आईच्या शाळेतला! बऱ्याच टायर कंपन्या सांगतात, पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासून घ्या आणि दहा वर्षांनंतर नक्षी असली तरी बदला. दुकानातला ‘नवा’ टायरही असा वाचून घ्यावा. दुकानात पडून पडून तोही म्हातारा होतो.

राहिली स्टेपनी. हा शब्द आपण इतका सर्रास वापरतो, पण तो आला कुठून? सुरुवातीच्या मोटारींना जादा चाक मिळतच नसे. १९०४ च्या सुमारास वेल्समधल्या लनेथली गावात डेव्हिस बंधूंनी जादा चाक बनवून विकायला सुरुवात केली. त्यांचे दुकान होते स्टेपनी नावाच्या रस्त्यावर. त्या रस्त्याचे नाव आपल्या खेड्यातल्या प्रत्येक ड्रायव्हरच्या तोंडी आहे! जुन्या गाडीचे टायर बदलताना लोक चार घेतात आणि पाचव्याला विसरतात. तो डिकीत पडून राहतो, एक किलोमीटरही न धावता म्हातारा होतो आणि नेमका बोथ्याच्या जंगलात, रात्री, पंक्चर झाल्यावर बाहेर निघतो. मामांनी या वेळी पाच घेतले. पाचव्याचा शिक्का भाच्याने वाचला.